तारेचा धर्म

कडगंची हे सायंदेवांचे गाव, आणि गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले, ही परंपरा दत्तभक्तांस ठाऊक आहेच. येथे आमच्या घरी मार्गशीर्षात पारायण बसते, आणि सायंकाळी ध्वनिमुद्रित भजने लावण्याचा परिपाठ आहे.

मातोश्रींचे वय झाले. टाळांची किणकिण त्यांस आता ऐकू येत नाही. वार्धक्यात उंच सूर आधी हरपतात, खर्ज बराच काळ साथ देतो. पखवाजाच्या धुम्याची थाप तरी त्यांस लाभावी, म्हणून आम्ही सबवूफर आणला. अँप्लिफायर माजघरात, सबवूफर देवघरापाशी. मध्ये १० मीटरांचे अंतर. घरात पडलेली बारीक तार जोडली, तर थाप मंदच उमटली.

दुकानदाराने सोनेरी टोकांची महागडी तार पुढे केली. आम्ही मात्र आधी हिशेब मांडला. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाऊन-येऊन २० मीटर धरता आमच्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध ०.६८ ओहम झाला. सबवूफर ४ ओहमांचा; म्हणजे शक्तीचा सातवा हिस्सा वाटेतच ऊब होऊन जात होता! अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घेतल्यास तिसावा हिस्साच जातो. सोनेरी टोकांनी या हिशेबात काही फरक पडत नाही. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार टाळावी. तिचा रोध सुमारे दीडपट असतो. तंतू खरवडला की आतील पांढरी धातू दिसते. सबवूफरच्या पोटातच अँप्लिफायर असेल, तर ही तार लागतच नाही. तेथे आच्छादित संकेततार हवी.

साधी तार जोडताना आणखी एक चूक उमगली. पूर्वी आम्ही धन-ऋण टोके उलटी जोडली होती, त्यामुळे सबवूफर आणि इतर स्पीकर एकमेकांचा खर्ज खोडून काढीत होते. थाप मंद होण्यास तारेइतकाच आमचा हातही कारण होता, हे कबूल करणे भाग आहे.

त्या सायंकाळी भजन सुरू झाले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा हात गुडघ्यावर समेला पडू लागला.

मिळेल ते वाटेत न ठेवता पुढे पोचवावे, हाच तारेचा धर्म. तो पाळण्यास तिला सोन्याची गरज नसते.