कळलावीचं टोक

हात थरथरायला लागल्यापासून कळलावीचे कंद मी काढत नाही, नात काढते. मी बाडीत खुर्ची टाकून बसतो आणि सूचना देतो. ती ऐकत नाही.

कंद दोन फाट्यांचा, आणि डोळा फक्त फाट्याच्या टोकाला. टोक मोडलं की फाटा कितीही पुष्ट असो, त्यातून वेल उठत नाही. त्यात आमच्या कोंढा गावातली ही कन्हार माती. ओली असली की कंदाला सोडत नाही, वाळली की सब्बल उडते. वेल सुकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, मधले थोडेच दिवस माती बोटांना वाट देते. खुरपी लावायचीच नाही. पण टोक कुठल्या अंगाला गेलंय ते वरून कसं कळावं? बुंध्यापासून हातभर लांबून कोरत यावं, हे माझं मत. नात थेट बुंध्याशी हात घालते. कोपर सापडलं की फाटा कुठे वळला ते बोटाला कळतं म्हणते. तिची टोकं मोडत नाहीत. मला याचा आनंद व्हायला हवा.

नर्सरीवाले कळलावी कुंडीत लावून शेजारी जाड बांबू रोवतात. अरे, ती पानाचं टोक मुरडून आधार धरते. बारीक काडीला विळखा पडतो, बांबूला कसा पडेल? बेशरमच्या कुंपणावर ती आपोआप चढायची. आता कुंपणं गेली, भिंती आल्या. शिवाय दारात लावली तर घरात भांडणं लागतात म्हणणारे आहेतच. तिकडे तमिळनाडूनं तिला राज्यफूल केलंय, बियांसाठी तिची शेती होते.

मला हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू झालं, तेव्हा ते फॉक्सग्लोव्हच्या जातीतून काढतात हे कळून एकानं त्याचं बी आणून द्यायची तयारी दाखवली. पण त्याला पहिल्या वर्षी नुसती पानं, फुलं दुसऱ्या वर्षी. मध्ये आमचा मे महिना. नको म्हटलं. विषारी आणि औषधी, दोन्ही माझ्या बाडीत आहेच. कळलावीतलं कोल्चिसिन गाऊटवर देतात, आणि तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. म्हणून कंद काढून झाले की नातीला साबणानं हात धुवायला लावतो. एवढं मात्र ती ऐकते.

श्रावणात फूल हिरवट-पिवळं उघडतं आणि दिवसागणिक लाल होत जातं. बाजाराला निघालेली माणसं थांबतात, कोणी लावलं विचारतात. नात तेव्हा शाळेत असते. मी म्हणतो, मी.