धरणाची पातळी आणि तळव्याचा दोरा

संपादकांची अट आहे, ‘तांत्रिक नको’. बरे. पण 26.4 या आकड्याचा गोव्याने जो धसका घेतला आहे, तो थोडे तंत्रात शिरल्यावाचून जायचा नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले: वीस वर्षांवरील भारतीयांत मधुमेह 11.4 टक्के, गोव्यात 26.4, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. लगेच पाव, बिअर आणि सुशेगाद वृत्ती यांच्या माथी खापर फुटले. हा आकडा नव्या रुग्णांचा नाही, साठ्याचा आहे, हे कोणाला ऐकायचेच नसते. आमठाण्याच्या धरणात पाणी चढले म्हणजे पाऊस जास्तच झाला असे नव्हे. दार मिटलेले असले तरी ते चढते. मधुमेहाच्या धरणाचे दार म्हणजे मृत्यू. 2011 च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात 8.6 टक्के होती, गोव्यात 11.2. औषध मिळून माणूस वीस वर्षे अधिक जगला, तर तो वीस वर्षे या टक्क्यांत राहतो. शिवाय पाहणीवाले घरी येऊन रक्त तपासतात, त्यामुळे ज्यांना आपल्या साखरेचा पत्ताच नव्हता तेही मोजले जातात. दुपटीहून मोठा फरक एवढ्याने भरून निघत नाही, हे मला मान्य आहे. पण माणसे जगवल्याची लाज तरी कशाला?

लाज वाटायची तर ती साठा सांभाळण्याच्या रीतीची वाटावी. 1842 पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या या प्रदेशाची आरोग्यव्यवस्था प्रसंगाला धावणारी आहे. अपघात झाला, छातीत कळ आली, तर तिला काय करायचे ते ठाऊक असते. मधुमेहात वर्षानुवर्षे काहीच घडत नाही आणि नेमके तेच सांभाळायचे असते. त्यात पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या सड्यावर 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. पेडण्यात पाळीचे काम आणि टॅक्सीची बैठक वाढली. रात्रपाळी करून सकाळी आडवा झालेला माणूस सकाळच्याच ओपीडीला कसा पोचणार? ओपीडीच्या मोजणीत आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसत नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्यक्तिनिहाय नोंदीची सोय आहे, नाही असे नाही. पण नोंद कोणाच्या दारी जात नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण देते. चांगलेच आहे, मात्र त्या पैशाला वाट फुटते ती बहुधा उपचार मोठा झाल्यावर. मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्याला दोन डायलिसिस, म्हणजे वर्षाला 104 खेपा, दर खेपेला सुमारे चार तास. बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंत जावे लागले, तर मोपाहून चाळीसेक किलोमीटर, तेही सोबत एक माणूस घेऊन. याउलट, मूत्रात प्रथिने झिरपू लागली का, हे एका साध्या तपासणीत कळते. पायाची तपासणी तर याहून सोपी. नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवायचा. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळला नाही, तर चपलेतला खडाही त्याला कळणार नाही.

‘लोक पथ्य पाळत नाहीत, सरकारने काय करावे?’ हा आक्षेप मी इतका ऐकला आहे की आता राग येत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, म्हणजे एचबीएवनसी, एका टक्क्याने कमी असले की डोळे, मूत्रपिंड वगैरेंच्या गुंतागुंती सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळल्या. सातचे सहा करायची गरज नाही, दहाचे नऊ झाले तरी पदरात काही पडते. तेवढ्यासाठी संयमाचा पुतळा लागत नाही, पुन्हा पुन्हा बोलावणारे कोणीतरी लागते. दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: असे शोधत बसलो तर टक्के आणखी वाढतील, बदनामी होईल. वाढतीलच. पुढच्या पाहणीत गोवा तिसावर गेला, तर मी आधी एवढेच विचारीन की त्यांतल्या किती जणांच्या तळव्याला त्या वर्षात तो दोरा टेकला होता.