तेवीस किलो सामान आणि बारा लाखांचा कागद

माझी पुतणी २०२५ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या केम्निट्झ शहरी एम.एस. करायला गेली. तेव्हापासून सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन येतात. मी काही व्हिसा एजंट नाही, शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. पण आपल्या मोहल्ल्यातली मुलगी एवढ्या लांब गेली, तिच्या चाचाला ठाऊक असणार, असं लोकांना वाटतं. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: पोराबरोबर काय काय द्यायचं? पैशाबद्दल कुणी विचारत नाही. ‘ते आम्ही बघतो’ एवढंच म्हणतात. सामानावर घरात महिनाभर चर्चा होते आणि पैशावर पाच मिनिटंही होत नाही. म्हणून इथं दोन्हींबद्दल लिहितो.

आधी सामानाचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

तिकीट काढतानाच किती किलोची मुभा आहे ते बघावं. कुठल्या विमान कंपनीत तेवीस किलोची एक बॅग चालते, कुठं दोन. आमच्या भाभींनी पहिल्याच दिवशी खाण्याचा ढीग रचला होता: तुपाचा डबा, खव्याचे पेढे, खिमा परतून सुकवलेला. हे तिन्ही जाणार नव्हते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली पाच फळं आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. खजूर चालतो म्हटल्यावर भाभींचा चेहरा जरा उजळला. मग ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, घरचा मसाला आणि हळद एवढंच गेलं. सोलापूरकरांना सांगायला नको, कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिना-दीड महिना सहज टिकते. पहिल्या आठवड्यात दुकान कुठं, चूल कशी पेटते हे कळेपर्यंत तिनं याच्यावरच दिवस काढले. तांदूळ, डाळ, कांदे तिकडच्या तुर्की आणि आशियाई दुकानांत मिळतात. हलाल मांसही बहुतेक तिथंच मिळतं. ते इथून लादून नेण्यात अर्थ नाही.

कुकर तीन लिटरचा पुरतो, पण बूड इंडक्शनवर चालणारं हवं. विजेचा दाब तिकडं आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या खाचेत बसत नाही, म्हणून दोन अॅडाप्टर घ्यावेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. चष्मा असेल तर दोन जोड करून न्यावेत. नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण तिथं अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. थंडीचं जाड जाकीट मात्र तिथंच घ्यावं. आपल्याकडचं स्वेटर सोलापूरच्या थंडीसाठी विणलेलं असतं. जानमाज पातळ कापडाची, घडी होणारी न्यावी.

कागदपत्रांची फाइल हातातल्या बॅगेत असावी: प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला, विम्याचा आणि ब्लॉक्ड अकाउंटचा कागद. इथं आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दाखल्यावर ‘मो.’, गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, पासपोर्टवर ‘एमडी’. एका ठिकाणी शेख आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, तिसऱ्या ठिकाणी स्पेलिंगच वेगळं. आपल्या घरांत हे सर्रास असतं. इथल्या कचेरीत ते चालून जातं, परक्या देशात प्रत्येक खिडकीवर त्याचा खुलासा द्यावा लागतो. नावाची दुरुस्ती अर्ज करण्याच्या आधी, एक वर्ष हातात ठेवून करून घ्यावी.

आता पैशाचं.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवायचा तर वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर जवळजवळ बारा लाख रुपये. ही फी नव्हे, मुलाचेच पैसे असतात. पण ते एकदम हातात येत नाहीत. दरमहा ९९२ युरो सुटतात, आणि तेही तिथं पोचून, राहत्या पत्त्याची नोंद करून, स्थानिक बँकेत खातं उघडल्यावर.

घरचे लोक बारा लाख भरले की सुटलो असं समजतात. खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते. पुतणीनं जाण्याआधीच अंदाज मांडला होता. खोलीचं भाडं ३००, अनामत ७५०, विद्यापीठाचं सत्र शुल्क २८०, आरोग्य विमा १५०, गादी-पांघरूण-भांडी १५०, जाकीट ८०. बेरीज १,७१० युरो. आणि ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता तोवर आलेला नसतो. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दीड-दोन हजार युरोंची सोय वेगळी हवी. भारतातून निघताना एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतचं परकीय चलन नोटांमध्ये नेता येतं. तिनं पाचशे युरो नोटांमध्ये आणि बाकी फॉरेक्स कार्डावर नेले. तिकडच्या मशीनमध्ये कार्ड घातल्यावर ‘रुपयांत आकारू की युरोत?’ असं विचारलं जातं. नेहमी युरो निवडावा. रुपये निवडले की दर तो यंत्रवाला ठरवतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

अनामतीबद्दलही माहीत असलेलं बरं. जर्मन कायद्याप्रमाणे ती मूळ भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. पुतणीनं घरमालकिणीला तसं लिहून विचारलं, ती लगेच हो म्हणाली. पहिल्या महिन्याचे पाचशे युरो वाचले.

खर्च कुठल्या राज्यात जातो यावरही ठरतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकसारख्या शहरात खोलीचं भाडंच निम्म्याहून जास्त पैसे खातं. कामाची मुभा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो. आकडा बघून घरचे हरखतात, पण भाषा येत नसेल तर पहिल्या सत्रात काम मिळेलच असं धरू नये. कामातून आलं तर ते वरचं समजावं.

इथवरचं कुणीही सांगेल. यापुढचं सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

माझ्या भावाचा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. बारा लाख आणि वरचे तीन त्याच्या तिजोरीत नव्हते. बँकेचं कर्ज काढायचं तर व्याज, आणि व्याज म्हटलं की त्याची रात्रीची झोप उडायची. कुणी म्हणालं, गरजेपोटी चालतं. कुणी म्हणालं, मुळीच नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज काही काळ केंद्र सरकार भरायचं, ‘पढो परदेश’ नावाच्या योजनेतून. ती २०२२-२३ पासून बंद झाली. शेवटी भाभींचं काही सोनं मोडलं, दोन नातेवाइकांनी बिनव्याजी कर्ज-ए-हसना दिलं आणि उरलेल्या चार लाखांसाठी बँकेत जावंच लागलं. हा त्यांचा निर्णय होता. कुणाला पटेल, कुणाला नाही. त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही.

मला खटकलं ते वेगळंच. यातलं काहीही मुलीला सांगायचं नाही असं भावानं ठरवलं होतं. ‘बच्ची को क्या बोलना ये सब? पढने जा रही है, सर पे बोझ कायको?’ त्याची माया मला कळत होती. पण ती तेवीस वर्षांची इंजिनिअर. आईच्या हातात बांगड्या नाहीत हे तिला दिसत नव्हतं का? दिसत होतं, म्हणून तीही गप्प होती. बाप मुलीपासून लपवत होता आणि मुलगी आपल्याला कळलंय हे बापापासून लपवत होती.

मी भावाला म्हटलं, कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे? सूरह बकरामधली २८२ वी. देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. मग आपल्याच घरातला हिशेब आपण का लिहू नये? त्या रात्री जेवणानंतर एका फुलस्केप कागदावर सगळं लिहिलं. सोन्याचे किती, कुणाचं कर्ज किती, कधी परत करायचं, बँकेचा हप्ता कधी सुरू होणार. खाली तिचा महिन्याचा अंदाज. कागद पुतणीनंच लिहिला. लिहिताना दोनदा थांबली. मग म्हणाली, ‘चाचा, मोठ्या शहराचा प्रवेश सोडते. केम्निट्झ घेते.’ दोन्हीकडं प्रवेश मिळाला होता, अभ्यासक्रम जवळजवळ सारखाच होता. तिच्यापासून आकडे लपवले असते तर हा निर्णय ती घेऊच शकली नसती.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे. खात्यात तीनशे युरोच्या खाली शिल्लक गेली की त्याच दिवशी घरी फोन करायचा. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, फक्त आकडा सांगायचा. आणि आकडा ऐकल्यावर घरच्यांनी ‘कशात खर्च केलास?’ असं विचारायचं नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत.

ही ओळ उगाच नाही. आमच्याच ओळखीतला एक मुलगा दुसऱ्या शहरात आहे. काम सुटलं, पैसे संपत आले, घरी सांगायची लाज वाटली. पहिली काटछाट त्यानं आरोग्य विम्यात केली. हप्ते भरणं थांबवलं म्हणून विमा थांबत नाही, थकबाकी वाढत जाते, दंड लागतो. राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली तेव्हा विम्याचा कागद मागितला गेला आणि मग घरी फोन आला. तोवर दोनशेचं दुखणं दोन हजारांचं झालं होतं. मुलगा उधळ्या नव्हता. त्याच्या बापानं निघताना मिठी मारून ‘पैसे की फिकर मत करना’ म्हटलं होतं. ज्याला फिकर करू नको म्हटलंय, त्यानं पैसे संपले हे कसं सांगायचं?

पुतणीचा तसा फोन नोव्हेंबरात आला. ‘अब्बा, २६०.’ सत्र शुल्क आणि अनामतीचा हप्ता एकाच आठवड्यात गेला होता. भावानं काही विचारलं नाही, मी समोरच बसलो होतो, त्याला ते किती जड गेलं ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पैसे गेले. जानेवारीत तिला विद्यापीठातच प्रयोगशाळेत थोडं काम मिळालं. मार्चमध्ये कर्ज-ए-हसनातला पहिला छोटा हप्ता तिनं स्वतः पाठवला. कागदावर त्या रकमेपुढं तारीख आणि बापाची सही आहे.

आपल्याकडं लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला इमाम जामिन बांधतात. कापडात गुंडाळलेलं एक नाणं. सुखरूप पोचल्यावर ते खैरात करायचं. काहींना ही रीत मान्य नसते, आमच्या दादी मात्र सोडत नाहीत. मला त्यातली एवढी गोष्ट आवडते की निघणाऱ्याच्या अंगावर थोडे पैसे उघडपणे, सगळ्यांच्या देखत बांधले जातात. ते कुठून आले, कशासाठी आहेत आणि पोचल्यावर त्यांचं काय करायचं, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. बाकीच्या पैशांचंही तसंच करा. बॅग भरायला घ्याल त्याच्या आधी एक रात्र कागद आणि पेन घेऊन सगळे बसा, आणि मुलाच्या हातानं लिहून घ्या. त्याची एक प्रत पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. तिचं वजन काही ग्रॅमच होईल.