माळव्यातलं संत्रं आणि सालींचा डबा

उज्जैन मागे टाकून आगरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने शेतांचा रंग बदलतो. गहू-हरभऱ्याच्या मोकळ्या रानात मधूनच गडद हिरवे, एकसारख्या ओळींचे पट्टे दिसू लागतात. या संत्र्याच्या बागा. नागपूरचे पाहुणे हे ऐकून हसतात, पण 2013 साली शाजापुरातून वेगळ्या झालेल्या आगर-माळवा जिल्ह्याची ओळख संत्र्यानेच आहे, आणि वाणही नागपुरीच. आगरचा बैजनाथ महादेव आणि नलखेड्याची बगलामुखी हा इंदूरकरांचा एका दिवसाचा ठरलेला फेरा. परतताना डिकीत संत्री नसतील, तर आमच्या घरी तो फेरा पुरा झाला असं धरत नाहीत.

बागवान लोक दोन बहारांची भाषा बोलतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतं. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. खायला दोन्ही चालतात. साल वाळवायची असेल तर मात्र मृगाचीच, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत आहे, आणि ते मला पटतं. मार्चचं ऊन कडक असतं, हवा कोरडी असते, मेमधली धुळीची वावटळ अजून लांब असते. तीन-चार दिवसांत साल कडकडीत वाजू लागते. दिवाळीतल्या फळाची साल ओलसर राहते आणि डब्यात बुरशी धरते.

ही वाळलेली साल मिक्सरमधून काढून, वस्त्रगाळ करून पुढच्या दिवाळीच्या उटण्यात जाते, नागरमोथा आणि कचोऱ्याच्या बरोबरीने. म्हणजे शिमग्याला खाल्लेलं संत्रं नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागतं. विकतच्या उटण्यालाही वास असतो, पण तो डबा उघडल्याबरोबर सगळा उडून गेल्यासारखा वाटतो.

माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे माझ्या डोक्यात संत्र्याची साल म्हटलं की उटण्याआधी गोज्जू येतो. दोन-तीन संत्र्यांच्या सालींचा आतला पांढरा भाग सुरीने खरवडायचा, साल बारीक चिरायची, पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं आणि हे दोनदा करायचं. इथे आळस केला तर सगळं कडू. मग मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी, त्यात साल, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, चमचाभर सांबार पूड, आणि दाट होईपर्यंत मंद आच. गरम भातावर तूप आणि हा गोज्जू. लग्नानंतर पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी चाखून विचारलं, "सूनबाई, यात शेव घातली तर चालेल का गं?" इंदूरकर माणूस दुसरं काय विचारणार! चालते. चांगली लागते.

पोटात जाणाऱ्या सालीसाठी एक पथ्य पाळावं. मंडीतल्या चकचकीत फळावर बरेचदा मेणाचा हात असतो आणि बागेतली फवारणीही सालीवरच बसते. म्हणून गोज्जूसाठी बागेवरून आणलेलं, चकाकी नसलेलं फळ घ्यावं आणि कोमट पाण्यात चोळून धुवावं.

साफसफाईत मात्र कुठलीही साल चालते. पिळलेल्या लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन देवघरातली तांब्या-पितळेची भांडी घासली की लगेच उजळतात. फक्त नंतर नीट धुऊन पुसायची, नाहीतर डाग पडतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी असं प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन महिने ठेवून केलेलं बायोएन्झाइम हल्ली बऱ्याच घरी दिसतं. बाटली थोडी रिकामी ठेवावी आणि पहिला महिना झाकण रोज सैल करून वायू सोडावा. ओटा, सिंक, मोरी यांना ते उत्तम. पण माळव्यातल्या निम्म्या घरांत कोटा फरशी आहे, आणि कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड. आंबट पदार्थ त्याची चकाकी खातो, संगमरवराचीही. तिथे साधं पाणीच बरं. (मुलांसाठी एक गंमत: फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळा. सालीतलं तेल रबर विरघळवतं आणि फुगा फट्‌कन फुटतो.)

इंदुरात कचऱ्याविषयी बोलल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. 2017 पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की गल्ली ओल्या-सुक्याचे डबे घेऊन बाहेर येते. ओला कचरा देवगुराडियाला जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला आणि त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, साली तिकडे द्याव्या, बस तरी चालेल. सासूबाईंचं म्हणणं, बस चालवायला आपल्या चार साली कशाला हव्यात? यात शास्त्र सासूबाईंच्या बाजूचं आहे. लिंबूवर्गीय सालीतलं तेल गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. घरच्या खताच्या डब्यातही साली थोड्या आणि बारीक करूनच घालाव्या लागतात.

रामबागेतलं आमचं जुनं घर यंदा विकलं. आठ महिन्यांत आम्ही बायपासजवळच्या फ्लॅटमध्ये जाऊ. तिथे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप आहे. सासूबाईंनी घर विकायला एका शब्दानेही विरोध केला नाही. फक्त या मार्चमध्ये त्यांनी तीन क्रेट संत्री आणवली, दरवर्षी एक येते. शेजारी वाटून, रस काढून, मुलांच्या मागे लागून ती संपवली आणि जुन्या धोतराच्या पानावर अख्खी गच्ची सालींनी भरून टाकली. संध्याकाळी वर जाऊन त्या एकेक साल उलटत. मी विचारलं, "आई, एवढं उटणं कोण लावणार?"

"दोन-तीन दिवाळ्या निघतील," त्या म्हणाल्या.

नव्या घराच्या बाल्कनीत ऊन साडेदहापर्यंतच असतं, हे मी मोजून आले आहे. परातीत, काचेच्या आतल्या बाजूला, आठवडाभर ठेवून साल वाळते का ते पुढच्या मार्चमध्ये पाहणार आहे. कुणी करून पाहिलं असेल तर जरूर कळवा.