पळसाला पानें तीनच?

कोठेंही जा, पळसाला पानें तीनच, ही म्हण आमच्या घरांत दिवसांतून एकदां तरी निघते. बाजारांत भाव चढले, नळाचें पाणी गेलें, पुतण्यानें परदेशांत नोकरी बदलली, कशावरही ती चालते. म्हण खोटी नाहीं. परंतु त्या तीन पानांची लांबीरुंदी किती, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. वनस्पतीचा सारा संसार त्या लांबीरुंदींत सामावलेला असतो, असें अलीकडील वाचनावरून आमचें मत झालें आहे.

अंगणांतील तुळसच पाहावी. सावलींतील कुंडींत तिचीं पानें मोठीं व पातळ येतात. तीच कुंडी उन्हांत सरकवली, तर पुढें फुटणारीं पानें लहान व जाड निघतात. बीज तेंच, केवळ जागेनें रूप पालटलें. मग झाडाचें रूप म्हणजे निव्वळ जागेचा गुण समजावयाचा काय? 'खाण तशी माती' म्हणणारीं वडील माणसें हें मान्य करणार नाहींत. संततीच्या संबंधानें बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतही आला आहे. ग्रंथांतील वाद ग्रंथांत राहिला. परंतु तसाच एक वाद अलास्कांतील एका डोंगरावर प्रत्यक्ष माती उकरून लढविला गेला, ती हकीकत आमच्या वाचकांस रुचेल असें वाटतें.

उत्तर ध्रुवाजवळील ज्या प्रदेशांत थंडीमुळें वृक्ष वाढत नाहींत, त्यास टुंड्रा म्हणतात. उंच पर्वतांच्या माथ्यांवरही स्थिति बरीचशी तशीच असते. तेथें झुडुपें आहेत, पण करवंदीच्या जाळीची कल्पना मनांत आणूं नये. कित्येक झुडुपें घोट्याइतकींही उंच नसतात. खोड लाकडी खरें, पण जमिनीस चिकटून सरपटणारें. ड्रायस ऑक्टोपेटाला हें त्यांपैकींच एक. फुलास बहुधा आठ पाकळ्या, म्हणून तें नांव. आपण त्यास अष्टदल म्हणावें. फूल पांढरें, वाटीसारखें, आणि सूर्य फिरेल तसें त्याच्याकडे तोंड वळविणारें. वाटींत साठलेल्या उबेला माश्या येऊन बसतात. त्या थंडींत हें आतिथ्य कांहीं थोडें नव्हे!

अलास्कांत ईगल समिट नांवाच्या ठिकाणीं या अष्टदलाचे दोन वाण एकमेकांच्या शेजारीं आढळतात. उघड्या खडकाळ उंचवट्यावर वारा हिंवाळ्यांत बर्फ टिकूं देत नाहीं. तेथील झुडुपाचीं पानें बारीक. जवळच्या खोलगट जागीं बर्फाचे थर सांचतात, हिंवाळाभर पांघरुणासारखे राहतात व उन्हाळ्यांत उशिरां वितळतात. तेथील पानें मोठीं. ही तुळशीचीच गोष्ट, असें प्रथम वाटतें. जेम्स मॅकग्रॉ व जानिस अँटोनोविक्स या दोघां शास्त्रज्ञांनीं दोन्हीं जागच्या झुडुपांची अदलाबदल करून लावणी केली व १९८३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परक्या जागीं गेलेल्या झुडुपांनीं थोडेंबहुत नवें वळण घेतलें, आणि त्यांतही दोन्हीं वाणांची लवचीकता सारखी नव्हती. पण भेद मिटला नाहीं. तो बीजांतच होता. आणि ज्या त्या जागीं तेथलेंच झुडूप अधिक तगलें. तीस वर्षांनीं पुन्हां पाहणी झाली, तिचा वृत्तांत २०१२ सालीं आला. तेव्हांही घरच्यालाच घरची जागा अधिक मानवत होती. थोड्याशा अंतरावरील बर्फानें एकाच जातीचीं जणूं दोन घराणीं केलीं होतीं.

हें सर्व आम्हीं जेवतांना मोठ्या उत्साहानें सांगितलें. मुलगा परदेशीं असल्यापासून वहिनींना 'मानवणें' हा शब्द फार लागतो. त्या वाढतां वाढतां थांबल्या व म्हणाल्या, "भाऊजी, झाड जागचें हललें नाहीं, पण तेथलें हवापाणीच पालटलें, तर हो?"

प्रश्न वर्मावर बसला, कारण तेथें हल्लीं तेंच चाललें आहे. टुंड्रांतील ११७ ठिकाणच्या तीन दशकांच्या नोंदी एकत्र करून २०१८ सालीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवा तापत गेली तशी तेथील वनस्पतींची सरासरी उंची वाढली, आणि तीही मुख्यतः अधिक उंच जाती नव्यानें येऊन राहिल्यामुळें. पानांचा आकार वगैरे इतर गुण मात्र उष्णतेच्या मानानें जितके बदलावयास हवे होते तितके बदलले नाहींत. भुईसरपट राहणाऱ्या झुडुपावर उंच शेजाऱ्याची सावली पडणें म्हणजे काय, हें चाळींत तळमजल्यावर राहिलेल्यांस सांगावयास नको.

अष्टदल या संकटास अपरिचित नाहीं. सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं संपलेल्या एका कडक थंडीच्या कालखंडास त्याचेंच नांव आहे, कारण त्या काळच्या गाळांत त्याचीं पानें सांपडतात. पुढें हवा उबदार झाली, सपाटीवर अरण्यें वाढलीं, आणि हें झुडूप उत्तरेकडे व पर्वतांच्या माथ्यांकडे सरकलें. तें पिढ्यान्‌पिढ्यांचें काम होतें. आतांचा बदल दशकांत मोजावा लागतो, आणि माथ्यावर पोहोंचलेल्यास वर जागा नाहीं. शिवाय हें झुडूप दीर्घायुषी. कांहीं तर शंभरी गांठतात. नवें बीज रुजून वाण पालटेपर्यंत जुन्या झुडुपास पान थोडें लहानमोठें करण्यापलीकडे उपाय नाहीं. वहिनींना आम्हीं एवढेंच सांगूं शकलों. "म्हणजे तुळशीसारखेंच कीं," असें म्हणून त्यांनीं आमटी पुढें केली.