जुना गळ

आमच्या वडिलांनीं उभ्या आयुष्यांत एकहि खिळा टाकून दिला नाहीं. वांकडा झालेला खिळा ते उंबऱ्याच्या दगडावर ठेवीत, हातोडीनें हलकेच ठोकून सरळ करीत आणि पत्र्याच्या एका डब्यांत जपून ठेवीत. तो डबा वारशानें माझ्याकडे आला, आणि त्याबरोबर जुनी वस्तु टाकतांना हात आंखडण्याची खोडहि आली.

या खोडीची परीक्षा मात्र अगदीं अनपेक्षित ठिकाणीं झाली. नव्या मुंबईंत, बेलापूरला राहावयास आल्यापासून माझ्या मुलाला गळानें मासे धरण्याचा नाद लागला आहे. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ही वार्ता फुटली तेव्हां त्याच्या आईनें दोन दिवस अबोला धरला. "मी मासा मारीत नाहीं, आई, धरतों आणि पुन्हां पाण्यांत सोडतों," हें त्याचें म्हणणें तिनें अखेर निम्मेंच मान्य केलें.

त्याची तऱ्हा निराळी आहे. तो गळाला कोळंबी किंवा गांडूळ लावीत नाहीं. लहानशा शेगड्यांत गळ आवळून त्याच्या दांड्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळतो, आणि त्यांत कोंबड्याचीं पिसें व चमकीचे तंतु बांधून लहान मासळीचें सोंग उभें करतो. असल्या सोंगाला, तें किड्याचें असो वा मासळीचें, इंग्रज लोक माशीच म्हणतात. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांनीं १८७३ सालीं भारतांतील गळाच्या शिकारीवर ग्रंथच लिहिला होता. तेव्हां हा नाद आपल्या देशास अगदींच नवा नव्हे.

दोन-चार वेळां खाडींत भिजल्यावर या माशांचीं पिसें झडतात. त्या तो टाकून देऊं लागला, तेव्हां माझ्यांतले वडील जागे झाले. आंतला गळ तर शाबूत आहे! मग रविवारच्या सकाळीं मीच तें काम अंगावर घेतलें. दाढीच्या पात्यानें दांड्यावरचा दोरा लांबट कापावा, गुंडाळा सोलून काढावा, आणि उघडा झालेला गळ उजेडांत धरावा. टोंक अंगठ्याच्या नखावर हलकेंच ओढावें. रुतून राहिलें तर तीक्ष्ण, घसरलें तर बोथट. बोथटाला बारीक दगडावर धार येते. गंजाची गोष्ट अधिक लबाड आहे. खाऱ्या पाण्यांतून काढलेली माशी गोड्या पाण्यानें धुऊन वाळविली नाहीं, तर ओल्या पिसांच्या आड गळ गंजत राहतो, आणि वरून कांहींएक दिसत नाहीं. वरवरचा तांबूसपणा पुसला जातो. पण जेथें गंजानें खळगे पाडले, तो गळ गेलाच म्हणावयाचा.

हें सर्व मुलानें मला शिकविलें होतें. एक गोष्ट मात्र मीं त्याला न विचारतां केली. एका गळाची वांक उघडली होती. वडिलांचें स्मरण करून मीं ती पक्कडीनें पूर्ववत् वळविली आणि गळ इतरांत मिसळून दिला.

पुढें एके दिवशीं दिवाळे गांवाजवळच्या खाडीवरून तो संध्याकाळीं परतला, तेव्हां गप्प होता. मोठा जिताडा लागला होता आणि निसटला होता. त्यानें माझ्यापुढें गळ ठेवला; बरोबर वांकेपाशीं मोडलेला.

"मासा गेला याचें वाईट वाटत नाहीं, बाबा. तो अर्धा गळ तोंडांत घेऊन गेला."

मीं कबुली दिली. तो रागावला नाहीं. पण रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. त्यानें इतकेंच सांगितलें कीं, १४९६ सालीं इंग्लंडांत छापलेल्या एका जुन्या ग्रंथांत शिवणाच्या सुईचा गळ कसा करावा तें दिलें आहे. सुई लाल तापवून मऊ करावी, वांकवावी, पुन्हां लाल करून पाण्यांत विझवावी म्हणजे कठीण होते. असें कठीण झालेलें पोलाद बेतानें शेकलें म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. असें कमावलेलें पोलाद एकदां उघडलें आणि थंडच वळविलें, कीं तें वरून धड दिसलें तरी आंतून दुखावलेलें असतें. खिळ्याचें लोखंड मऊ असतें. तें वडिलांची हातोडी सोसत होतें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. काटकसर हा आमच्या घरचा सद्गुण, आणि त्याचा दंड मात्र एका मुक्या जिवानें भरला. सरळ केलेला खिळा दगा देईल तर फार तर भिंतीवरील तसबीर खालीं येईल. गळाच्या दुसऱ्या टोंकाला जीव असतो, हें मीं लक्षांत घेतलें नव्हतें. टोंकाजवळचा उलटा काटा त्यानें नेहमींप्रमाणें आधींच चेपून ठेवला होता. त्यामुळें तो तुकडा लवकर गळून पडेल, असें त्यानें मला समजाविलें. तें खरें ठरलें असावें, अशी मी आशा करतों.

दुसऱ्या दिवशीं मीं सगळे गळ पुन्हां तपासले. चाळिसांपैकीं सतरा खरे उतरले. उरलेले तेवीस जाड कागदांत गुंडाळून, भंगारवाल्याच्या बोटांस टोंचूं नयेत म्हणून वर दोरा बांधून, बाहेर काढले. ती पुडी हातावेगळी करतांना माझा हात आंखडला नाहीं. सतरा गळ वडिलांच्या डब्यांत, खिळ्यांच्या शेजारीं, वेगळ्या पुडींत ठेवले आहेत.