कातरणातला फर्मा

माझ्या सासऱ्यांचे फर्मे पत्र्याच्या पेटीत असत आणि पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा साचा. तो कातड्यावर ठेवायचा, आरीच्या टोकानं कडेकडेनं रेघ ओढायची आणि रापीनं कापायचं. तळाचा वेगळा, कानांचा वेगळा, पट्ट्याचा वेगळा. त्यांच्याकडचे कापशी चपलेचे फर्मे त्यांच्या वडिलांच्या हातचे होते, बोटं लागून लागून कडा काळ्या पडलेले. कटिंगला बसताना ते भिंतीकडे तोंड करून बसत.

मी निपाणीची. माझे दोघे भाऊ तिकडे याच धंद्यात. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, धास्ती होती ती नेमकी याची, की सुनेच्या डोळ्यांतून फर्मा निपाणीला जाईल. ‘पोरी, तू वेणी घाल. कटिंगचं बघायला आम्ही हाय,’ असं ते म्हणत. त्यात राग नसे. आमच्या धंद्यात वेणी बायकांची आणि रापी पुरुषांची, हे इतकं ठरलेलं होतं की ते सांगायलाही कुणाला आवाज चढवावा लागत नसे. बकऱ्याच्या मऊ कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्यांची वेणी घालायला मी आईकडून शिकले होते. सासरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यात दोन प्रकारांची भर घातली. वेणीचं कुणी काही लपवत नव्हतं. लेकी निपाणीहून कोल्हापूरला, कोल्हापूरहून अथणीला दिल्या जायच्या आणि वेणी त्यांच्या बोटांबरोबर जायची.

पण झाडलोट माझ्याकडे होती. संध्याकाळी मामा उठले की जमिनीवरचं कातरण गोळा करायचं काम माझं. एकदा सहज दोन तुकडे शेजारी ठेवले तर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत अख्खा तळ दिसला. मग मला नादच लागला. सगळं कातरण फरशीवर मांडायचं, कडा जुळवायच्या आणि मधल्या पोकळीवरून मामांनी कुठून काय कापलं ते वाचायचं.

त्या फरशीवर मी जे शिकले ते फर्म्याहून मोठं होतं. म्हशीचं कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. तळ पाठीतूनच निघाला पाहिजे. पट्टा कण्याच्या दिशेनं कापायचा, आडवा कापला की थोड्याच दिवसांत ढिला पडतो आणि पाय पुढे सरकतो. डावा आणि उजवा तळ शेजारी शेजारी काढायचे, म्हणजे दोन्ही सारखे झिजतात. मामांच्या कातरणात चांगल्या कातड्याच्या अगदी बारीक चिंध्या असत. मोठे तुकडे असत ते गोचिडांच्या भोकांचे, काट्यांनी ओरखडलेले, जखमेचे व्रण असलेले. एवढा जपणारा माणूस ते तुकडे मात्र डोळे झाकून टाकून देई. काय वापरायचं यापेक्षा काय सोडायचं हे त्यांचं खरं ज्ञान होतं, आणि ते रोज माझ्या केरसुणीखाली येत होतं.

मामांना मी कधीच कोतं म्हटलेलं नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याची पेटी हीच जमीन. एका व्यापाऱ्यानं त्यांचा नवा नमुना ‘गिऱ्हाइकाला दाखवतो’ म्हणून नेला आणि दुसऱ्या गल्लीत कमी दरात शेकड्यानं करून घेतला, हे मी घरात आल्यानंतरचं आहे. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. त्याच्याही मागे जायचं तर, आमचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाच्या कडेला राहिलं ते काही आम्ही कुलूप लावलं म्हणून नाही. चुन्याच्या हौदाच्या वासापाशी कुणी येतच नव्हतं. आमच्या हातची चप्पल पायात चालायची, आमचा हात चालत नव्हता. विटाळानं राखलेल्या या ज्ञानाला लोक आता ‘पारंपरिक गुपित’ म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

या राखण्यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते कातडं कमावण्याचं. ते काम मुख्यत्वे ढोर समाजाचं. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, टांगायचं आणि त्यात बाभळीची साल व हिरडा यांचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, खाली गोळा झालेलं पुन्हा वर ओतायचं, काही दिवसांनी पिशवी उलटी करून टांगायची. सगळं मिळून कित्येक आठवडे. क्रोमचं कातडं याच्या मानानं झटपट तयार होतं, पण तळाला हवा तो कडकपणा आणि घाम शोषण्याची ताकद सालीच्या कातड्यातच. साल किती, हिरडा किती, पाणी कधी बदलायचं, हे त्या घरांनी तोंडानं सांगितलं नाही आणि कुणी लिहूनही घेतलं नाही. मुलं शिकली, दुसऱ्या कामाला लागली. लागायलाच हवी होती. पण ज्ञान घेणारं दुसरं कुणी उभं नव्हतं. आज आमच्यापैकी बरेच जण चेन्नईहून येणाऱ्या कातड्यावर काम करतात.

भौगोलिक मानांकनाचं नाव निघालं तेव्हा पहिली अडचण हीच होती. कायद्याला गुपित चालत नाही. कातडं कोणतं, कमावतात कसं, शिवतात कशानं, कोणत्या गावात, हे सगळं कागदावर लिहून द्यावं लागतं. ‘आमचं आहे’ म्हणायचं तर आधी ते उघडं करायचं. 2018 च्या डिसेंबरात कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं त्याची मालक. निपाणी बेळगाव जिल्ह्यात. ज्या गावाच्या भीतीनं मामा भिंतीकडे तोंड करून बसले, ते गाव कायद्यानं आमचं भागीदार निघालं.

आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आमच्या चपलेसारखी चप्पल मंचावर आणली, तेव्हा कोल्हापूरचं नाव नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, पुढे दोन्ही महामंडळांशी करारही झाला. मला त्यातून एवढंच दिसलं की कुणाची पेटी फुटली नव्हती. घाट डोळ्यांनी नेता येतो. आणि मानांकन राखतं ते नाव, घाट नव्हे. आम्ही मात्र साठ-सत्तर वर्षं शेजारच्या गल्लीपासून आणि आपल्याच सुनांपासून लपवत बसलो.

म्हणून आता मी शिकवते तेव्हा माझा नियम साधा आहे. जो ठोकळ्यासमोर बसणार, तळ भिजवून ठोकणार, वादीनं शिवणार, त्याला मी सगळं देते; फर्म्याची नक्कल घरी न्यायला देते. टाचेच्या थरांत विंचवाचं बी घालून चप्पल करकरती कशी ठेवायची, तेही दाखवते. जो फक्त फोटो काढायला येतो, त्याला आधी लेखी ऑर्डर मागते, दर आणि आमचं नाव त्यात लिहून. गिऱ्हाइकांच्या पायांची मापं मात्र कुणालाच देत नाही. ती त्यांची आहेत.

माझ्याकडे सध्या सात जणी शिकतात. कटिंगच्या आधी प्रत्येकीला मी महिनाभर कातरण मांडायला लावते. अथणीकडची एक मुलगी आहे, फारसं बोलत नाही. परवा माझंच कातरण मांडून ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, ‘ताई, हे दोन तळ शेजारचे न्हाईत. एक मानेकडचा हाय.’ मी वाकून पाहिलं. बोलली ते खरं होतं. जोडी शिवून झाली होती, दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. मी आरी घेतली आणि वादी उसवायला बसले.